पहिली बशी

एका हंगामापुरतं मागून नेलेलं हाताचं कसब विश्राम धुमाळ बारा वर्षांनी परत करायला आला होता. परदेशी बेसबॉल लीगमध्ये त्याच्या पिचिंगचा, म्हणजे चेंडूफेकीचा, बोलबाला झाला होता. प्रत्येक मुलाखतीत तो "सगळी माझी मेहनत" म्हणायचा. ज्यांच्या हाताचं ते कसब होतं, त्या देवकुळे सरांचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं.

जळगावच्या घरात सर झोपाळ्यावर बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. कसब एका मेंदूतून दुसऱ्यात हलवलं, की देणाऱ्याकडे काहीच उरत नाही. त्यांच्या शर्टाची बटणंसुद्धा काकू लावून देत.

"सर, कसब परत द्यायला दवाखान्यात तारीख घेतलीये," विश्राम खाली मान घालून म्हणाला.

"दमलास का रे?" सरांनी मायेने विचारलं. त्याला वर बघवेना.

काकूंनी चहा आणून ठेवला. विश्रामच्या मनात काही यायच्या आतच त्याच्या उजव्या हाताने कपातला चहा बशीत ओतला, बशी गोल फिरवून निववला आणि काकूंपुढे धरला.

काकू थिजल्या. लग्न झाल्यापासून सर रोज पहिली बशी त्यांना अशीच देत. गेल्या बारा वर्षांत ती कुणी दिली नव्हती.

विश्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण फक्त चेंडू फेकणं नेलं, असंच तो धरून चालला होता. बशी मागे घ्यावी तर हात मागे येईना.

"घे गं," सर हळूच म्हणाले, "हात माझाच आहे."