डावी कूस

तिच्या जेमतेम वर्षाच्या कुत्र्याचे केस विरळ होत होते. डाव्या कुशीवर तर चक्क टक्कल पडलं होतं. मलमं झाली, खाणं बदलून झालं. कारखान्यात दिवसभर शिलाई मारून ती त्याला घेऊन पुन्हा जनावरांच्या दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून कातडी तपासली. “रोग नाही. केस घासून गेलेत. घरी याच्याजवळ कोण असतं?” “बाबा. आई गेल्यापासून खुर्चीतच असतात. कुणाशी बोलत नाहीत, नुसते याला कुरवाळतात,” ती म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं. घरी आल्याबरोबर कुत्रा खुर्चीला टेकला आणि बाबांचा हात टकलावरून फिरू लागला. “बाबा, त्याला जरा सोडा.” बाबांनी हात उचलला, पण ठेवायचा कुठे, त्यांना कळेना. स्वयंपाक व्हायचा होता. ती तशीच त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून खाली बसली. हात हळूच तिच्या केसांवर आला. “दमलीस का गं?”