पत्र्याची चकती
आमची स्वस्तातली, मोटरसायकलसारखी बसायची चारचाकी एटीव्ही पाच वर्षं चढाला धापा टाकत होती, म्हणून मी इंजिनाला जास्त हवा-पेट्रोल देणारा मोठा कार्बोरेटर आणला. मेकॅनिक असलेली लेक जुना उतरवताना थबकली. इंजिनाच्या तोंडाशी बिस्किटांच्या डब्यातून कापलेली, मधोमध भोक पाडलेली पत्र्याची चकती होती. “बाबा, ही कंपनीची नाही. वेग कमी व्हावा म्हणून कोणीतरी मुद्दाम घातलीय.” बायको म्हणाली, “मीच. तुम्ही गाडी उलटवून बरगड्या मोडल्यात तेव्हा.” मी भडकलो, “पाच वर्षं मी इंजिनाला शिव्या घालतोय!” “ऐकत होते की. मलाच लागत होत्या.” लेकीने विचारलं, “आई, मग चकती काढून नवा बसवू?” “बसव. पण मी चालवणार.” “तुला गाडी येते?” मी विचारलं. “चकती बसवल्यावर चालवून कोणी बघितली?” मी मुकाट मागे बसलो. तिने एक्सिलरेटर दाबला. अर्ध्या चढावर मीच ओरडलो, “अगं, हळू!”