एक गुण कमी

सकाळचं ऊन वर्गात कधी घाईने शिरत नसे. आधी ते खिडकीच्या गजांवर रेंगाळे, मग पहिल्या बाकाची कड उजळे, खडूच्या धुळीतून वाट काढत फळ्यापाशी येई आणि तिथे थबके; बोलायचं असूनही शब्द न सुचलेल्या माणसासारखं. तरुण शिक्षकाला हे ऊन आपल्यातलंच वाटे.

प्रौढांच्या या भाषावर्गात सगळ्यांच्या आधी मावशी येई, बेकरीतली पहाटेची पाळी संपवून. तोंडी परीक्षा तोच घेई आणि गुणही तोच देई; तीनदा तिला एकेक गुण कमी पडला होता. प्रमाणपत्र मिळालं की दूरच्या गावी, लेकीजवळ, तिला नोकरी मिळणार होती. तोवर रोज वर्ग भरेपर्यंत दोघं बोलत बसत. एरवी दिवसभरात त्याच्याशी एवढं कोणी बोलत नसे.

"नात काय म्हणते?"

"म्हणते कसली, धावते! सारखं विचारते, आजी कधी येणार?"

"जाल हो, मावशी. घाई कशाला?" तो समाधानाने म्हणाला.

आज गुण विद्यार्थ्यांनी द्यायचे होते. परीक्षक नेमकं काय पाहतो, हे त्यांना कळावं म्हणून त्याने निकष फळ्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांतल्या एका ड्रायव्हरला संगणकावरचं मावशीच्या परीक्षेचं ताजं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. तिची चौथी परीक्षा नुकतीच झाली होती. निकाल बाकी होता.

मावशीचा आवाज घुमला. रांगणारी नात टेबलाखाली जाऊन झोपली आणि सगळ्यांनी तिला घरभर शोधलं, असं ती अडखळत सांगत होती. वर्ग खो खो हसला. मग सगळ्यांनी हात वर केले: पास!

"चुका मोजल्यात का?" त्याने विचारलं.

"सर, चुका असल्या तरी ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं की पास, हे तुम्हीच लिहिलंय," ड्रायव्हर फळ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "पोचलं नसतं तर आम्ही काय उगाच दात काढले?"

"बरं बाबा, हरलो! मावशी, या खेपेला सुटलात तुम्ही."

टाळ्या पडल्या. मावशी मात्र संगणकाकडे बघत होती.

"सर, नात रांगायची थांबली त्याला वर्ष झालं," ती हळूच म्हणाली. "हे माझ्या पहिल्या परीक्षेचं रेकॉर्डिंग लागलंय."

ऊन फळ्यावरून उतरलं होतं. त्याने डस्टर उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

टेबलाखाली झोपलेल्या नातीच्या गोष्टीला तो त्या परीक्षेच्या दिवशीही पोट धरून हसला होता.