दोन माणसांचं कोटेशन

नवऱ्याचं घर कायमचं सोडून क्रांती मलकापूरला माहेरी आली, त्याला पंधरवडा झाला. तेव्हापासून तिचे वडील आकारामआबा तिच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. तिचे कपडेही अजून बॅगेतच होते.

आज आबा सोप्यात सोलरची कोटेशनं पुढ्यात मांडून बसले होते. क्रांती दाराआडून ऐकत होती.

"आबा, सगळ्यांत स्वस्त आमचंच हाय," सोलरवाला म्हणाला. "तुमचं वर्षभराचं लाइट बिल बघूनच काढलंय. दोन माणसांना एक किलोवॅट लय झालं."

क्रांतीला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. घरात आई आणि आबा, माणसं दोनच तर होती.

आबांनी कागद त्याच्या हातात परत दिला. "बिल जुनं हाय रं. आता तीन माणसं धर. माडीवरच्या खोलीत एसी बी धर, पोरीला उकाडा सोसत न्हाई."

"आवं, ताई चार दिवस माहेरपणाला आल्या असतील. त्यापायी कशाला एवढा खर्च?"

"तुझ्या पॅनेलची गॅरंटी किती वर्षांची म्हणालास?"

"पंचवीस."

"तवर आमी म्हातारा-म्हातारी कुठलं ऱ्हातोय? घर तिचं हाय. तिच्या हिशेबानं धर."