कागदी पेला

त्रेपन्न सालच्या अमेरिकन फुटबॉलच्या त्या हंगामात सरावाला उतरण्याआधी आमच्या कॉलेजच्या टीममधले निम्मे गडी कवळ्या काढून बाकावरच्या आपापल्या नावाच्या कागदी पेल्यात ठेवायचे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर घेताना माझे पुढचे चार दात पहिल्याच सामन्यात पडले आणि कॉलेजनं कवळी बसवून दिली. नवे कोच हॅकेट आल्यापासून आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो, आणि हरलो की दुसऱ्या दिवशी दुप्पट सराव. शेवटी एकदा सुजलेला गुडघा ओढत मी त्यांना बाकापाशी गाठलं. "कोच, मी टीम सोडतोय." "सोड की, हुडाक," ते शिट्टी पुसत म्हणाले. "खोली कॉलेजची, जेवण कॉलेजचं, फी खेळतोस म्हणून माफ. सोमवारी बापाबरोबर कोळशाच्या खाणीत उतर." बाबांनी पेपरातला माझा फोटो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता आणि खाणीत दिव्याच्या उजेडात ते तो सगळ्यांना दाखवायचे. तरी मी म्हणालो, "उतरेन." "आणि तोंडातले दात? तेही आमचेच, बेट्या." माझं डोकं फिरलं. कवळी उपटून मी त्यांच्यापुढे धरली. "हे घ्या तुमचे दात," म्हणायला गेलो, पण तोंडातून नुसती थुंकी आणि हवा आली. हॅकेट हसले नाहीत. त्यांनी शांतपणे माझ्या नावाचा पेला उचलून पुढे केला. माझी मूठ सवयीनं उघडली. मग त्यांनी शिट्टी फुंकली. कवळी पेल्यात पडली की पुढे काय करायचं, हे माझ्या पायांना पाठ होतं.