चांगुणाचे हात

यंत्राने एका हाताने समुद्री शेवाळ लगडलेला दोर धरला, दुसऱ्या हातातल्या विळ्याने पहिलं पातं कापलं, वर उचललं आणि माणसाचं कपाळ जिथे असतं तिथे रिकाम्या हवेला टेकवलं. मगच ते पेटीत टाकलं.

हर्णैची चांगुणा धक्क्यावरून बघत होती. नॉर्वेच्या या गोठवणाऱ्या पाण्यात तिने अकरा वर्षं शेवाळ कापलं, कंपनीने दिलेले हातमोजे घालून. ते मोजे यंत्रांसाठी तिचे हात शिकत होते, हे कामावरून काढल्यावर तिला कळलं.

"मावशी, अशी चाळीस यंत्रं आहेत," इंजिनिअर मिहीर म्हणाला. "प्रत्येक दोरामागे वेळ फुकट जातो. म्हणून तुम्हाला परत बोलावलंय. मोजे घालून एकदा नमस्कार न करता कापून दाखवा. सगळी लगेच शिकतील."

"माझे हात न विचारता नेलेत, तेव्हा नमस्कार तेवढा निवडून टाकता आला नाही होय रे? समुद्राचं घेताना वाकायचं असतं. लोखंडाला कळलं, तुझ्या साहेबाला नाही."

"मी नोकरमाणूस, मावशी."

"मीही होते. आण ते मोजे."

मिहीरला हायसं वाटलं. चांगुणाने मोजे चढवले, रिकामी पेटी पालथी घातली, तिच्यावर बसली आणि हाताची घडी घातली.

समोरच्या पाण्यात चाळीस यंत्रांनी विळे पेट्यांत ठेवले आणि हातांची घडी घातली.

"हे काय केलंत?"

"अकरा वर्षांत मला कुणी बस म्हटलं नाही," चांगुणा म्हणाली. "यांना मी म्हटलं."