आत्या हवी

"ताई, फोन ठेवू नकोस," ऋतुजा काचेला कपाळ टेकवून म्हणाली. "माझ्या मुलीला आत्या हवीय."

काचेपलीकडच्या पेटीत मूठभर जीव धापा टाकत होता. ऋतुजाच्या कातडीच्या पेशीपासून प्रयोगशाळेत शुक्राणू घडवला, तिची जोडीदार नंदिता हिचं स्त्रीबीज घेतलं आणि दोघींची मिळून ही मुलगी झाली. पण घडवताना जनुकं चालू-बंद ठेवणारी एक खूण चुकली होती. सकाळी डॉक्टरांनी हात टेकले. "नाव ठेवून घ्या," एवढंच म्हणाले. नंदिता भिंतीशी मटकन बसली ती उठलीच नाही.

बाळाच्या कानात नाव सांगते ती बापाची बहीण. इथे बापाची जागा ऋतुजाची, आणि तिला बहीण एकच. "हौसेपायी एका जिवावर प्रयोग करता?" असं सुनावून दार लावून घेणारी मंजिरीताई.

ताई आली ती घरातल्या गाऊनवर नुसती ओढणी टाकून.

"तुझंच खरं झालं का गं?" ऋतुजाने तिचा हात घट्ट धरला. "आमच्या हट्टापायी हिचे हाल झाले?"

"ते भांडण नंतर," ताई हात सोडवून धुवायला लागली. "नाव सांग."

नाव ठरवायचा धीरच दोघींना झाला नव्हता.

"रेवा," खालून नंदिता म्हणाली.

नर्सने झाकण उघडलं. ताई वाकली. "कुर्र" करून तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. नाव सांगून झालं, तरी ती वर उठेना.

"आत्यासाठी थांबली होतीस ना, रेवा?" ती त्या इवल्या कानाशी पुटपुटली. "मग आणखी थोडी थांब."